डाव्या पायाचा नवस

माणसाचा गुडघा दुरुस्त करणं ही तशी मामुली गोष्ट आहे. लोक उगीच घाबरतात. तेल चोळतात, लेप लावतात, पाय उशीवर ठेवून पडून राहतात आणि मग जन्मभर लंगडतात! मी स्वतः एक गुडघा मुळापासून दुरुस्त केलेला आहे. तोही माझ्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचा नव्हे, चांगल्या नावाजलेल्या हुतूतूपटूचा! आता त्या भानगडीत एक अख्खं गाव, बदलापूरचा संघ आणि आमचे मोठे साहेब कसे ओढले गेले, हा भाग वेगळा. पण गुडघा बरा झाला की नाही? झाला!

तेव्हा मी अंबरनाथला एका डब्यांच्या कारखान्यात होतो, टाइम ऑफिसात. कल्याण कॅम्पचं उल्हासनगर होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. कारखान्याच्या क्रीडा मंडळाचा चिटणीसही मीच होतो. ती जागा मला कुणी दिली नव्हती, मी घेतली होती. योजना आखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या कारखान्यात कुणी नव्हता.

आमच्या हुतूतूच्या संघाचा जीव म्हणजे शेजारच्या मोरिवली गावचा आनंदा. अंगाने सडपातळ, पण चढाईला गेला की समोरच्या गड्यांना पळता भुई थोडी व्हायची. कारखान्यात मात्र तो हंगामी कामगार होता. काम असलं तर आत, नाही तर गेटावरून परत. शेताचा मोठा तुकडा कारखान्यांच्या वसाहतीत गेलेला. उरलेल्या भातावर तो आणि त्याची आई कौसाबाई अर्धं वर्ष जेमतेम खात, आणि पुढचं अर्धं वर्ष तो रोज सकाळी गेटावर उभा राहून आत बोलावण्याची वाट पाही. म्हणून त्या वर्षी मोठ्या साहेबांनी भर सभेत जाहीर केलं, "यंदा हुतूतूची ढाल आणा, आनंदाला कायम करतो!" तेव्हा आनंदा उभ्या उभ्या रडला.

आणि उपांत्य सामन्यात त्याचा डावा गुडघा फिरला! सामना आम्ही जिंकला, पण संध्याकाळपर्यंत गुडघा पपनसाएवढा झाला होता.

अंतिम सामना दीड महिन्यावर होता, बदलापूरशी. आनंदाचा गुडघा गेला हे कारखान्यात कळलं तर संपलंच. लंगडणाऱ्या हंगामी माणसाला गेटाच्या आत कोण घेणार? मी त्याला गुपचूप कारखान्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर गुरुदत्त लढाईच्या दिवसांत कॅम्पातल्या मिलिटरी इस्पितळात होते. सोल्जरांचे गुडघे त्यांनी पोत्याने पाहिले होते.

गुडघा दाबून ते म्हणाले, "हाड शाबूत आहे. आतली दोरी ताणलीय. सूज उतरू द्या, मग व्यायाम सुरू करा. गुडघा स्वतः काही करत नसतो, श्रीपादराव. त्याला सांभाळते ती मांडी. मांडी तयार करा!"

"कशी?"

"उंच जागी बसवायचं. पाय लोंबता सोडायचा. पावलाला वजन बांधायचं. पाय सावकाश सरळ करायचा, तसाच धरायचा, सावकाश खाली आणायचा. वजन हळूहळू वाढवत न्यायचं. आमच्याकडे सोल्जरांना त्यासाठी लोखंडी बूट असत. आणि रोज! एक दिवस चुकला तर माझ्याकडे येऊ नका."

"हे साहेबांच्या कानावर…"

"साहेबांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. नाही विचारलं तर मी कशाला बोलू?"

मी तिथल्या तिथे स्वतःला आनंदाचा शिक्षक नेमलं. आनंदाला टाइम ऑफिसातून बसून करायचं काम लावून दिलं, डब्यांची झाकणं निवडायचं. आणि रविवारी उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनच्या बाजारात गेलो.

तिथे होतचंद म्हणून एका सिंध्याचं दुकान होतं. मिलिटरीच्या उरल्यासुरल्या सामानाचा त्याच्याकडे ढीग असे. मी त्याच्याकडे एक बूट मागितला.

"एक जोडी, साईं?"

"जोडी नको. एक. डाव्या पायाचा."

होतचंदने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग वाकून माझ्या पायांकडे. दोन होते.

"साईं, दूसरा पैर घर पे रखके आये हो क्या?"

शेवटी त्याला जोडीचीच किंमत देऊन मी एक बूट आणला. वर तराजूची दोन जुनी वजनंही आणली. योजना तयार झाली!

आता अडचण एवढीच, की मोरिवलीत आनंदाच्या घरी टेबल नव्हतं आणि ओटा इतका बुटका, की त्यावर बसलं तर पाय लोंबतच नसे. गावात पाय मोकळा लोंबेल अशी उंच जागा एकच, मारुतीच्या देवळाचा कट्टा! मग तोच ठरला. रोज उजाडता उजाडता आनंदा विहिरीवर आंघोळ करून ओल्या धोतराने कट्ट्यावर येऊन बसे. मी क्वार्टर्समधून सायकलने जाई. त्याच्या पायाला वजन बांधी, समोर उभा राही आणि खणखणीत आवाजात मोजी, "ए-क! धर… धर… सोड! दो-न! धर…" माझा आवाज चांगला आहे. हजेरी घेऊन कमावलेला आहे!

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोजता मोजता मला जाणवलं, की मागे कुणीतरी आहे. वळून पाहिलं तर पाणी भरायला निघालेल्या दहा-बारा बायका हंडे खाली ठेवून गपगार उभ्या! पुढे कौसाबाई, कमरेवर हात ठेवून.

"सायेब, ह्ये काय चाललंय? पोरगा सांगत नाय. लोक मला इचारतात, पायाला लोखंड बांधून देवलात काय करतो? काय सांगू मी त्यांना?"

बायकांमध्ये आमच्या कारखान्यातल्या तीन-चार कामगारांच्या घरच्याही होत्या. गुडघ्याचा 'गु' काढला असता तर पहिल्या भोंग्याआधी बातमी गेटावर पोचली असती! पण माझं डोकं अशा वेळी फार झपाट्याने चालतं. मी शांतपणे म्हणालो,

"नवस आहे."

बस्स! एका वाक्यात प्रश्न मिटवला. बायकांनी लगेच हात जोडले. त्यांना सगळं कळलं! ओलं धोतर, देवळाचा कट्टा, पायाला भार, आणि समोर उभा राहून मंत्र म्हणणारा जानवंवाला माणूस. कौसाबाईचेही डोळे भरून आले. मी खुशीत सायकलवर टांग मारली.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यापुढे निम्मं गाव होतं.

"सायेब," कौसाबाई म्हणाली, "नवस खरा ना?"

"खरा म्हणजे! अगदी कडक."

"मंग ह्यो चामड्याचा बूट कनच्या नवसात चालतो?"

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मी बूट सोडला. लोखंडी वजनंही गेली. देवाला तराजूची वजनं कशी दाखवायची, असं कुणीतरी विचारलं. मग भार कशाचा बांधायचा?

"नारल बांधा," कौसाबाई म्हणाली. "नवस नारलाचाच आसतो."

मी मनातल्या मनात हिशेब केला. दोन सोललेले नारळ म्हणजे शेरभर वजन झालं. हळूहळू वाढवायलाही सोयीचं! पंच्याची झोळी केली, दोन नारळ घातले आणि आनंदाच्या पायाला बांधली. काम पहिल्यापेक्षा सुबक झालं. शिवाय कौसाबाई पहाटे स्वतः त्याला हलवून उठवी. ताप असो, अंग दुखत असो, नवस चुकवायची सोय नाही! कुठल्याही इस्पितळात इतकी कडक शिस्त नसेल. डॉक्टर गुडघा बघून म्हणाले, "श्रीपादराव, कमाल आहे. सोल्जर माझ्याकडे इतके नियमित येत नसत!" मी नम्रपणे मान्य केलं.

पण आठवड्याने एक म्हातारी, बनूबाई, आपला नारळ घेऊन आली.

"ह्यो बी त्याच्या पायाला बांधा. माझी म्हस आडलीय."

"अहो आजी, हा त्याचा नवस आहे."

"एका नारलानं काय तुमचा मंत्र जड होतो?"

नाही म्हणता येईना. तसंही त्या आठवड्यात वजन वाढवायचंच होतं. बनूबाईने आनंदाच्या कानात आपलं मागणं सांगितलं, नारळ झोळीत गेला, मी मोजलं आणि त्याच रात्री म्हैस व्याली!

दुसऱ्या दिवसापासून जी रांग लागली, तिचं काय वर्णन करावं! कुणाला मूल हवं, कुणाचा पोरगा मॅट्रिकला बसलेला, कुणाचं बांधावरून भांडण. प्रत्येकाच्या हातात नारळ! गावाने आपोआप नियमही करून टाकले. मागणं फक्त आनंदाच्या कानात सांगायचं, आनंदाने ते कुणालाही सांगायचं नाही. नारळ ठरावीक दिवस उचलला गेला की पाळी संपली. आणि पाळी संपलेला नारळ मंत्र म्हणणाऱ्याचा, म्हणजे माझा!

मी रांगेला शिस्त लावली. डॉक्टरांच्या हिशेबापेक्षा एकही नारळ जास्त चढू दिला नाही. लोक वशिले लावायचे. एकाने तर माझ्या सायकलच्या चाकात हवा भरून दिली! पण मी बधलो नाही. होतचंदही एके दिवशी टांग्यातून आला. दुकानाच्या परवान्यासाठी त्याने नारळ आणला होता. बुटाची गोष्ट आता त्याला कळली होती. "साईं, पहले बोलना था ना," तो म्हणाला, "मैं आधा पैसा लेता."

आमच्या घरी मात्र नारळांचा कहर झाला. माझी बायको सुनंदा पहिल्या चार दिवसांत फार खूश होती. ओल्या नारळाच्या करंज्या काय, सोलकढी काय! मग आमटीत नारळ, भाजीत नारळ, भाकरीबरोबर नारळाची चटणी. दोन आठवड्यांनी तिने पोळीचा डबा माझ्यापुढे आपटला.

"अहो, उद्या नारळ आणलात तर मी माहेरी जाईन! आणि जाताना नारळ नेणार नाही!"

"अगं, अंतिम सामन्याला दोन्ही संघांना खाऊ द्यायचाय. वड्या कर! दोनशे-तीनशे वड्या सहज खपतील." पाहिलंत? अडचण आली की योजना तयार!

सामना आठ-दहा दिवसांवर आला, तेव्हा रांगेत एक आडदांड गडी दिसला. मी लगेच ओळखलं. बदलापूरच्या संघाचा कप्तान धर्मराज! त्याची पकड म्हणजे मगरमिठी. हातात भला थोरला नारळ, शेंडीला लाल दोरा बांधलेला.

"तू इथे कशाला?" मी विचारलं.

"नवसाचा पाय हाय म्हनतात. मी बी मानूस हाय ना?"

मी त्याला वाटेला लावणार होतो. पण कौसाबाई आडवी आली. "देवाच्या दारात अंबरनाथ-बदलापूर नाय करायचं, सायेब!" धर्मराज वाकला, आनंदाच्या कानात काहीतरी पुटपुटला, नमस्कार करून गेला. आनंदाचा चेहरा एकदम उतरला. मी म्हटलं, नारळ जड असेल.

गुडघा आता ठणठणीत होता. पळणं, वळणं, उड्या, सगळं डॉक्टरांनी त्याच्याकडून करवून पाहिलं. सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आनंदाच्या पाठीवर थाप मारली. "खुशाल खेळ!"

सामना अंबरनाथलाच होता, कारखान्यामागच्या मैदानात. ही गर्दी! अर्धं मोरिवली, अर्धं बदलापूर, मधे खुर्चीवर मोठे साहेब. पंचांनी शिट्टी दिली. आनंदा पहिल्या चढाईला निघाला. मैदान शांत. 'हुतूतूतू' करत तो बदलापूरच्या अंगणात शिरला, आणि एखादा पाहुणा नव्या घराच्या खोल्या बघून येतो तसा चारी कोपरे फिरून परत आला! कुणाला शिवला नाही. त्याला कुणी धरलं नाही. उलट बदलापूरचे गडी बाजूला सरून त्याला वाट देत होते! नवसाचा पाय धरायची कुणाची छाती?

दुसरी चढाई तशीच. तिसरीही तशीच! इकडे आमचे बाकीचे गडी पटापट बाद होत होते. साहेबांनी मला बोटाने जवळ बोलावलं.

"श्रीपादराव, हा खेळतोय की प्रदक्षिणा घालतोय?"

"डावपेच आहे साहेब," मी म्हणालो. माझ्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती.

मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा आम्ही चांगले मागे होतो. सुनंदा आणि क्वार्टर्समधल्या बायका वड्यांची ताटं घेऊन दोन्ही संघांत फिरायला लागल्या. मी आनंदाला शामियान्यामागे ओढलं.

"गुडघा दुखतोय?"

"नाय, साहेब. गुडघा झकास हाय."

"मग शिवत का नाहीस कुणाला?"

"कानातली गोष्ट हाय, साहेब. सांगता येत नाय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "धर्मराज! त्याने बदलापूर जिंकावं म्हणून नारळ दिला? आणि तू तो उचललास?"

"पायाला बांधला म्हनजे शबूद दिला, साहेब. मी त्याला आता हरवू कसा?"

"अरे, नोकरी जाईल तुझी! गेटावर उभा राहशील जन्मभर!"

"ठावं हाय मला." त्याचा आवाज फुटला. "रातभर झोपलो नाय. पन उचलला ना मी!"

आता काय सांगावं! अहो, नवस माझा, म्हणजे मीच ठोकून दिलेला. त्यात देव नव्हता, गुडघा होता! पण हे आनंदाला सांगायची माझी हिंमत झाली नाही. आणि खरं सांगतो, त्या वेळी मला त्याचं वाईट वाटलं. मी ठरवलं, धर्मराजला त्याचा नारळ परत करायचा. नारळ परत, शब्द परत! मी तडक सुनंदाकडे धावलो.

"लाल दोऱ्याचा नारळ कुठाय? परवा आणलेला, मोठा?"

"तो? तो वड्यांत गेला." तिने ताट पुढे केलं. "ह्याच की! घ्या ना."

"धर्मराजचा नारळ किसलास?" असं मी ओरडलो असेन. कारण बदलापूरचे दोघे वळले आणि एकाने ऐकलेलं दुसऱ्याला सांगितलं. क्षणात बोंब उठली. "आमचा नवसाचा नारल किसला! अंबरनाथवाल्यांनी आमचा नारल खाल्ला!" बाह्या वर सरल्या. कुणीतरी शामियान्याचा बांबू उपटला. साहेब खुर्चीवरून उठले. मी सुनंदाच्या मागे उभा राहिलो. म्हणजे तिच्या रक्षणासाठी.

तेवढ्यात कौसाबाई पदर खोचून मधे घुसली.

"गप ऱ्हावा! धर्मराज, हिकडं ये. वड्या खाल्ल्यास का तू?"

धर्मराजने तोंड पुसलं. "खाल्ल्या."

"किती?"

"मोजल्या नाय, काकी. ताटच घेतलं व्हतं."

"मंग वरडतोस कशाला? तुझा नारल तुझ्याच पोटात गेला! देवानं तुझा तुला परत दिला. आता कुनाचं कुनाकडं काय नाय. नवस फिटला!" मग तिने वळून आनंदाच्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "आनि ह्यो आता नुसता पाय हाय! धरायचा त्यानं धरा!"

असा निकाल कुठल्याही कोर्टात मी ऐकलेला नाही. बदलापूरवाले मान डोलावत परत गेले. एकाने बांबू पुन्हा रोवून दिला. आनंदाने उभ्या उभ्या दोनदा उडी मारली, आणि त्याचा चेहरा पाहून मला हायसं वाटलं.

मग जो खेळ झाला! आनंदा वाऱ्यासारखा सुटला. एक शिवला, दोन शिवले, लोण चढला! पण बदलापूरही काही कमी नव्हतं. शेवटच्या चढाईला दोन्हीकडचे गुण सारखे. आनंदा आत गेला, एका गड्याला निसटता शिवला आणि वळला. तोच धर्मराजने झेप घातली. नेमका डावा पाय! नेमका तोच गुडघा, दोन्ही हातांची मिठी! वर आणखी एक गडी येऊन पडला. माझे डोळे मिटले. दीड महिन्याची पहाट, सगळे नारळ, त्या पोराची नोकरी, सगळं त्या मिठीत होतं. मला वाटलं, आता 'कट' असा आवाज येणार.

आवाज आला तो टाळ्यांचा! डोळे उघडले तर आनंदा त्या दोघांना ओढत मध्यरेषेकडे सरकत होता. पाय सावकाश सरळ करत होता, तसाच धरत होता, पुन्हा सावकाश सरकत होता. अगदी मी शिकवल्यासारखा! त्याचा हात रेषेला लागला, पंचांनी शिट्टी फुंकली आणि ढाल आमची झाली! धर्मराजनेच त्याला खांद्यावर घेतलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी किती थोर शिक्षक आहे हे सांगून मी उठलो असतो. पण कायम होण्याआधी डॉक्टरांची तपासणी असते.

सोमवारी डॉक्टरांनी आनंदाला उभं केलं, आडवं केलं, मांड्यांना फीत लावली. मग त्यांनी चष्मा पुसून पुन्हा फीत लावली.

"श्रीपादराव, डावी मांडी मुसळासारखी आहे."

"आभारी आहे!"

"आणि उजवी काकडीसारखी. उजव्या पायाला व्यायाम दिला नाहीत?"

"उजव्याला? उजव्याला काय झालं होतं?"

"अहो, दोन्ही पायांना करायचा असतो तो! एकावर सगळा भार टाकला की दुसरा ढिला पडतो. आनंदा, नुसत्या उजव्या पायावर बसून उठ बघू."

आनंदा बसला. उठला मात्र नाही. बाजूच्या फडताळाला धरून कलला.

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे शेरा लिहिला. डावा पाय उत्तम, उजवा अपात्र.

तो कागद घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये उभा राहिलो. साहेबांनी वाचला आणि खाली ठेवला. "नियम म्हणजे नियम. दोन महिन्यांनी पुन्हा तपासू. तोवर जागा राहिली तर बघता येईल." जागा राहणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बाहेर बाकावर आनंदा धुतलेला सदरा घालून बसला होता. त्याला जाऊन काय सांगायचं?

मी वळलो. तेवढ्यात साहेब म्हणाले, "थांबा. दार लावून घ्या."

मी दार लावलं. साहेबांनी घसा साफ केला. खिडकीबाहेर बघितलं.

"माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण… आता उजव्या पायाचा व्यायाम करावा लागेल, नाही का? त्याच्यासाठी… रांगेत कुणी नंबर लावलेत का?"

अशा वेळी माझं डोकं कसं चालतं ते मी सांगितलंच आहे.

"पहिला नंबर मोकळा आहे, साहेब. पण चित्त स्थिर नसेल तर नारळ उचलून उपयोग नसतो. आणि आनंदाचं चित्त सध्या फार अस्थिर आहे."

"कशानं स्थिर होईल?"

"कायम झाल्यानं."

साहेबांनी पेन उघडलं. आनंदा त्या दिवशी कायम झाला! हुकूम त्याच्या हातात दिला तेव्हा तो दोन पावलं चालला आणि पुन्हा परत येऊन माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले. पायांचं काही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून उजव्या पायाचा व्यायाम सुरू झाला. साहेब पहाटे आले, मोटार लांब उभी करून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला नारळ काखेत मारून. आनंदाच्या कानाशी वाकून ते बराच वेळ बोलले. आनंदाने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, साहेबांची भीती वाटली असेल. मी नारळ झोळीत घातला आणि नेहमीपेक्षाही खड्या आवाजात मोजायला सुरुवात केली. साहेबांचा नारळ होता ना! पाळी संपेपर्यंत एक दिवस चुकू दिला नाही.

जूनमध्ये हेड ऑफिसचा हुकूम आला. टाइम ऑफिसातून माझी बदली, बदलापूरच्या गोदामात! मी थक्क झालो. मोठा कारकून म्हणाला, "साहेब वर्षभर त्यासाठी मुंबईला लिहीत होते. म्हणत, हा माणूस रोज नवी योजना घेऊन केबिनमध्ये येतो, याला कुठेही पाठवा. वरचे ऐकत नव्हते. यंदा काय झालं कोण जाणे, एका फटक्यात मंजूर!"

मी तसाच गेटावर जाऊन आनंदाला गाठलं.

"आनंदा, तुला ठाऊक होतं?"

"कानातली गोष्ट, साहेब," तो मान खाली घालून म्हणाला.

"आणि तरी तू तो नारळ उचललास? मी तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू?"

"मी काय केलं, साहेब?" आनंदा अगदी काकुळतीला येऊन म्हणाला. "मी नुसता पाय उचलला. मंत्र तर तुमीच म्हनलात!"